सागादा : गावानं राखलेली शांतता

फिलिपिन्समधल्या बाग्यो शहराहून सागादाकडे जाणारा हाल्सेमा महामार्ग कितीतरी अंतर डोंगराच्या धारेवरूनच जातो. एका अंगाला कोबी, बटाटा आणि गाजराचे वाफे कड्याच्या टोकापर्यंत गेलेले. दुसऱ्या अंगाला दरी आणि दरीतून वर चढणारे ढग. आतोकजवळ रस्ता २,२५५ मीटरची उंची गाठतो. देशातल्या महामार्गांवरचं सर्वांत उंच ठिकाण हा त्या जागेचा लौकिक अनेक वर्षं टिकून होता. पुढे उतार लागतो, भाजीचे मळे मागे पडतात, पाइनची झाडं दाटत जातात आणि पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर बस सागादात थांबते.

फिलिपिन्सचं सर्वांत मोठं बेट लुझोन. त्याच्या उत्तर भागात कोर्दिल्येरा नावाची पर्वतरांग आहे आणि तिच्या ऐन मध्यावर माउंटन प्रॉव्हिन्स हा प्रांत. सागादा हे त्याच प्रांतातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरचं छोटं गाव. आसपासच्या वस्त्या धरून लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान दहा अंशांपर्यंत उतरतं. इथले लोक कांकानाय भाषा बोलतात. कोर्दिल्येरातल्या सगळ्याच डोंगरी समाजांना मिळून इगोरोत म्हणतात, त्यांतलेच हे एक.

आपल्याकडे फिलिपिन्स हा शब्द फार वेळा कानावर पडला तो मॅगसेसे पुरस्कारामुळे. विनोबा भावे यांना १९५८ साली आणि बाबा आमटे यांना १९८५ साली मिळालेल्या त्या पुरस्कारामुळे मॅनिला हे शहर मराठी घरांत ओळखीचं झालं. अलीकडे तो देश आणखी जवळ आला आहे. जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय तिथं राहता येतं. साहजिकच आपली माणसं मोठ्या संख्येनं जाऊ लागली आहेत. बहुतेक जण समुद्रकिनाऱ्यांकडे. काहींची पावलं डोंगरांकडेही वळतील. त्यांच्यासाठी, आणि जे कधीच जाणार नाहीत त्यांच्यासाठीही, सागादाची हकिगत सांगायला हवी. कारण हे गाव शांत आहे ते केवळ दूर आहे म्हणून नाही. ही शांतता गावानं शतकानुशतकं नियम करून, नियम पाळून आणि वेळप्रसंगी मोठ्या सत्तांना तोंड देऊन राखली आहे.

दाप-आय

सागादाच्या वस्त्यांमधून हिंडताना दगडी फरसबंदी केलेल्या गोलाकार जागा दिसतात. मध्ये चूल, भोवती पाठ टेकता येईल असे उभे दगड, आणि एका बाजूला ठेंगणी, गवतानं किंवा पत्र्यानं शाकारलेली झोपडी. आत शिरायचं तर जवळजवळ रांगावं लागतं. हे दाप-आय. वस्तीतल्या काही घरांचं मिळून एक दाप-आय असतं आणि तिथं बसून वडीलधारी माणसं वस्तीचा कारभार पाहतात. आपल्याकडची चावडी डोळ्यांसमोर आणली तर त्याचा थोडाफार अंदाज येईल. पण चावडीवर हुकूम चाले तो वरून आलेल्या सत्तेचा, दाप-आयला वरची सत्ता नाही. तिथल्या वडीलधाऱ्यांना कुणी नेमत नाही, मतं देऊन निवडत नाही. वयानं, अनुभवानं आणि वागणुकीनं माणूस त्या दगडावर बसायला पात्र ठरतो. बांधाचा वाद असो, पाण्याचा असो की दोन घरांतलं भांडण, सगळ्यांचं म्हणणं ऐकून, एकमत होईपर्यंत बोलून निकाल दिला जातो.

पूर्वी वाढत्या वयातले मुलगे रात्री दाप-आयच्या झोपडीत झोपत. शेकोटीभोवती म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत ऐकत रीतिरिवाज शिकत. मुलींसाठी एब्गान नावाचं वेगळं शयनघर असे. शाळा आल्या, घरं मोठी झाली आणि ही पद्धत मागे पडली. दाप-आय मात्र टिकून आहे. आज गावात निवडून आलेला मेयर आहे, पोलीस ठाणं आहे, नगर परिषद आहे. पण शेतीचं वर्ष कसं चालावं हे अजूनही दाप-आयवर ठरतं.

तिथं ठरणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओबाया. पेरणी, लावणी, कापणी अशा टप्प्यांवर, किंवा गावावर काही संकट आलं तर, वडीलधारी माणसं ओबाया जाहीर करतात. त्या दिवशी कुणीही शेतात जायचं नाही. मातीला विसावा, जनावरांना विसावा, माणसांनाही विसावा. जो मोडेल त्याला दंड. उत्तर सागादातल्या फिदेलिसान भागात बोमोद-ओक नावाचा सुमारे साठ मीटर उंचीचा धबधबा आहे आणि तिथली पायवाट भाताच्या खाचरांच्या बांधांवरून जाते. ओबाया असला की ती वाट पाहुण्यांसाठीही बंद. कितीही लांबून आलेला असाल, कितीही पैसे देऊ करा, त्या दिवशी धबधबा दिसायचा नाही. पर्यटनावर पोट असलेलं गाव त्या दिवसाची कमाई सोडून देतं, पण नियम सोडत नाही.

ओबायाच्या जोडीला बेग्नास हा सामुदायिक विधी असतो. गावाच्या पवित्र झाडाशी वडीलधारी माणसं रांगेनं जातात, डुकराचा बळी दिला जातो, गांग्सा नावाच्या चपट्या काशाच्या घंटा वाजतात आणि त्यांच्या ठेक्यावर स्त्री-पुरुष गोल धरून नाचतात. हा कार्यक्रम पाहुण्यांसाठी आखलेला नाही. तो शेतीच्या वर्षाचा भाग आहे. चांगलं पीक यावं, कुणी आजारी पडू नये, गावात तंटा होऊ नये, एवढंच मागणं.

जंगलाचंही तसंच. सागादाभोवतीच्या पाइनच्या रायांना बातांगान म्हणतात. एकेक राई एकेका कुळाच्या ताब्यात असते आणि त्या कुळातला एक जण तिची देखरेख करतो. घर बांधायला, शवपेटी करायला, सरपणाला लाकूड हवं तर त्याला विचारून घ्यायचं. विकायला तोडायचं नाही. जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही, हाही गावाचा जुना दंडक. त्यामुळे सागादातली बहुतेक लॉज, खानावळी, कॉफीची दुकानं गावकऱ्यांचीच आहेत. १९९७ साली फिलिपिन्सनं आदिवासींच्या हक्कांचा कायदा केला आणि पूर्वजांच्या भूमीवरचा असा हक्क कागदावर मान्य केला. सागादानं त्यासाठी कायद्याची वाट पाहिलेली नव्हती.

कड्यावरचे पूर्वज

सागादाचं नाव जगभर पोचलं ते कड्यांना टांगलेल्या शवपेट्यांमुळे. एको व्हॅलीकडे जाणारी वाट चर्चच्या मागच्या दफनभूमीतून निघते, टेकडी ओलांडून खाली उतरते आणि एका वळणावर समोर चुनखडीचा उभा कडा येतो. करड्या दगडावर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, एकावर एक रचल्यासारख्या लाकडी पेट्या. काही पावसापाण्यानं काळवंडलेल्या, काही अजून लाकडाचा रंग धरून असलेल्या. काही पेट्या जेमतेम मीटरभर लांबीच्या. पाहणाऱ्याला वाटतं, या लहान मुलांच्या असाव्यात. त्या मोठ्या माणसांच्याच आहेत. आईच्या पोटातून जसा आला तसाच गुडघे पोटाशी घेऊन माणसानं जावं, ही त्यामागची धारणा. पूर्णाकृती पेट्या त्यामानानं नव्या; नव्या पिढीला मृताचं अंग मुडपणं जिवावर येऊ लागलं, तेव्हापासूनच्या. पेट्यांच्या शेजारी एक-दोन लाकडी खुर्च्याही टांगलेल्या दिसतात.

त्या खुर्चीला सांगादिल म्हणतात. घरातलं वृद्ध माणूस गेलं की त्याला या खुर्चीवर बसवून वेलींनी बांधतात, अंगावर घोंगडी पांघरतात आणि घराच्या दाराकडे तोंड करून ठेवतात. शरीर लवकर नासू नये म्हणून धुरी देतात. काही दिवस नातेवाईक आणि शेजारीपाजारी येत राहतात, डुकरं-कोंबड्यांचे बळी दिले जातात, रात्र रात्र गाणी चालतात. मग शव घोंगडीत गुंडाळून हातोहात कड्यापर्यंत नेतात. त्याला हात लागावा म्हणून लोक धडपडतात, कारण दीर्घायुष्य जगून गेलेल्या माणसाचं भाग्य स्पर्शातून आपल्याला मिळतं अशी श्रद्धा आहे. पेटी पाइनच्या ओंडक्यातून कोरलेली असते. अंगात बळ असेपर्यंत कित्येक जण आपली पेटी आपणच कोरून ठेवत.

कड्यावर जागा मात्र सगळ्यांना मिळत नाही. पिकल्या वयात, नातवंडं पाहून, नैसर्गिक मरण आलेल्यांचाच तो मान. मातीऐवजी कडा का, याचं उत्तर एकच एक नाही. मातीत पुरलं तर ओल आणि जनावरं देह नासवतात. टोळ्यांच्या वैराच्या काळात शत्रू मृतांची शिरंसुद्धा नेत, म्हणून उंच जागा हवी. आणि उंचावर राहिलं की पूर्वजांच्या आत्म्यांशी जवळीक राहते. ही सगळी कारणं लोक एका दमात सांगतात. अलीकडच्या दशकांत असे दफनविधी अगदी मोजके झाले. बहुतेक लोक आता ख्रिस्ती पद्धतीनं दफनभूमीत जातात. पण कड्यावरचे पूर्वज त्यांच्यासाठी इतिहासजमा झालेले नाहीत. समोरच्या पेटीत कुणाचे तरी पणजोबा आहेत आणि त्यांचं घर गावात अजून नांदतं आहे.

लुमियांग गुहेच्या तोंडाशी तर शंभराहून जास्त पेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. त्यांतल्या काही पाचशे वर्षांच्या असाव्यात असं मानतात. काहींच्या झाकणावर पालीची आकृती कोरलेली आहे. गुहेच्या तोंडाशी उजेड आहे, वारा आहे. आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून पेट्या आत खोल ठेवलेल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या १ तारखेला सागादात पानाग-आपोय असतो. ख्रिस्ती जगात हा सर्व संतांचा दिवस. इतर ठिकाणी लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. सागादात राळेनं ओथंबलेल्या पाइनच्या ढलप्या, सालेंग, पेटवतात. दुपारी चर्चमध्ये पाद्री त्या ढलप्यांना आशीर्वाद देतात. मग माणसं त्या घेऊन टेकडीवर जातात आणि प्रत्येक थडग्यापाशी छोटी शेकोटी लावतात. संध्याकाळ उतरता उतरता टेकडी ज्वाळांनी लाल होते आणि राळेचा गोडसर धूर गावावर पसरतो. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येणारा हा सण. आपण दारात दिवा लावतो, ते पूर्वजांच्या उशाशी. चर्चचा आशीर्वाद आणि पूर्वजांचा अग्नी एकाच हातात धरताना सागादाच्या माणसाला कसलीही अडचण वाटत नाही.

न झुकलेला डोंगर

स्पेननं १५७१ साली मॅनिला घेतलं आणि १८९८पर्यंत फिलिपिन्सवर राज्य केलं. सखल भागातले लोक ख्रिस्ती झाले, कर भरू लागले, वेठबिगारीला जुंपले गेले. कोर्दिल्येरात सोनं आहे हे स्पॅनिशांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी मोहिमांवर मोहिमा काढल्या, पण हे डोंगर त्यांना कधीच पुरते ताब्यात घेता आले नाहीत.

इथल्या भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचाही या प्रतिकाराशी संबंध असावा. शेजारच्या इफुगाओ प्रांतातल्या अशा शेतांच्या पाच समूहांना युनेस्कोनं १९९५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ही शेतं दोन हजार वर्षांची आहेत, असा जुन्या अभ्यासकांचा अंदाज होता आणि पाठ्यपुस्तकांत तोच रुजला. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इफुगाओत केलेल्या उत्खननातून वेगळं चित्र पुढे आलं. पाण्यावरचा भात त्या डोंगरांत सुमारे चारशे वर्षांपूर्वी पसरला, त्याआधी तिथं अळकुड्यांची लागवड होती. त्यांच्या मते, स्पॅनिशांच्या दाबामुळे माणसं डोंगरात सरकली, एकत्र आली आणि त्यांनी डोंगर कोरून भात पिकवला. शेतांचं वय कमी ठरलं म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. उलट, चार शतकांत एवढे डोंगर हातांनी घडवले गेले हे समजल्यावर त्या हातांबद्दलचा आदर वाढतो.

स्पॅनिशांनंतर अमेरिकन आले. १९०४ साल या प्रदेशाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात इगोरोत माणसं आणून, त्यांच्या झोपड्या उभारून, त्यांचं जगणं तिकीट काढून आलेल्या लोकांना दाखवण्यात आलं. माणसांचं असं प्रदर्शन मांडणाऱ्या राजवटीनं स्वतःला सुधारक म्हणवून घ्यावं, याचा संताप आजही ओसरत नाही. आणि त्याच वर्षी जॉन स्टॉन्टन हा अमेरिकन मिशनरी सागादात आला. एपिस्कोपल पंथाचे बिशप चार्ल्स ब्रेंट यांचं धोरण असं होतं की जे आधीच कॅथलिक आहेत त्यांच्यात धर्मप्रसार करायचा नाही. म्हणून त्यांचे लोक डोंगरात गेले. स्टॉन्टननं लाकूड कापायची गिरणी उभारली, शाळा काढली, दगडी चर्च बांधायला घेतलं. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या या देशात सागादा अँग्लिकन राहिलं ते यामुळे. सेंट मेरी द व्हर्जिन हे ते चर्च पाइनच्या झाडांमध्ये आजही उभं आहे.

त्याच चर्चच्या शाळेत १९५०च्या दशकात विल्यम हेन्री स्कॉट हा अमेरिकन शिक्षक आला आणि उरलेलं आयुष्य सागादाचाच झाला. शिकवता शिकवता तो इतिहासकार बनला. फिलिपिन्सच्या शाळांत शतकानुशतकं जुने कायदे म्हणून शिकवली जाणारी कालान्त्याव संहिता बनावट आहे, हे त्यानं १९६०च्या दशकात पुराव्यानिशी सिद्ध केलं. पण त्याचं खरं काम इगोरोतांवरचं. डोंगरातले आणि सखल भागातले लोक मुळात वेगळ्या वंशांचे नाहीत. जे स्पॅनिश सत्तेपुढे झुकले आणि जे झुकले नाहीत एवढाच त्यांच्यातला फरक, आणि न झुकलेल्यांना पुढे मागास ठरवण्यात आलं, अशी त्याची मांडणी. स्पॅनिश दफ्तरांतून त्यानं ती उभी केली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा लागू केला तेव्हा या शिक्षकाला राज्यविरोधी म्हणून अटक झाली. पुढे तो निर्दोष सुटला. १९९३ साली त्याचं निधन झालं आणि त्याला सागादातच पुरण्यात आलं.

सागादाचं दुसरं मोठं नाव एदुआर्दो मास्फेरे यांचं. १९०९ साली सागादातच त्यांचा जन्म झाला. वडील स्पॅनिश, आई कांकानाय. १९३४ ते १९५६ या काळात त्यांनी कोर्दिल्येरातल्या गावागावांत जाऊन तिपाईवरच्या कॅमेऱ्यानं, दिवसाच्या उजेडात माणसांची छायाचित्रं काढली. शेतात वाकलेल्या बाया, गोंदलेल्या छातीचे पुरुष, दाप-आयच्या दगडांवर बसलेले म्हातारे. सेंट लुइसच्या प्रदर्शनात हीच माणसं गर्दीसमोर उभी केली गेली होती. मास्फेरे यांच्या छायाचित्रांत ती थेट आपल्याकडे पाहतात आणि त्यांच्या नजरेत कुठंही लाचारी नाही. त्यांच्या कामाचं मोल देशाला कळायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. गावातल्या भिंतींवर त्यांची छायाचित्रं आजही लावलेली आहेत. सागादाला जाणाऱ्यानं गुहेआधी ती पाहावीत.

ही न झुकण्याची परंपरा जवळच्याच काळातही दिसली. १९७०च्या दशकात मार्कोस सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं चिको नदीवर चार धरणं बांधायची ठरवली. माउंटन प्रॉव्हिन्स आणि कालिंगा या प्रांतांतली गावं, खाचरं आणि पूर्वजांची दफनस्थानं पाण्याखाली जाणार होती. एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर असलेल्या जमातींनी जुन्या शांतता करारांची पद्धत वापरून एकजूट केली. बायकांनी सर्वेक्षणाचे तंबू उखडून टाकले. कालिंगातले पुढारी माक्लि-इंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी गोळ्या घालून ठार मारलं. त्यानंतर विरोध विझला नाही, वाढला. जागतिक बँकेनं अंग काढून घेतलं आणि धरणं झाली नाहीत. नर्मदा खोऱ्यातल्या लढ्यामुळे बँकेला सरदार सरोवरातून बाहेर पडावं लागलं त्याच्या दशकभर आधीची ही घटना. आपल्याकडच्या चळवळींच्या इतिहासात तिची नोंद फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

गॅसबत्तीच्या उजेडात

सागादातल्या सुमागिंग गुहेत शिरताना वाटाड्याच्या हातात रॉकेलची गॅसबत्ती असते. त्या बत्तीचा एकसारखा सूं-सूं आवाज पुढचे काही तास सोबत राहतो. सुरुवातीचा उतार वटवाघळांच्या विष्ठेनं निसरडा झालेला आणि वास नाकात जाणारा. हातानं धराव्यात त्या खडकांवरही तोच लेप. बराच वेळ खाली उतरल्यावर वाटाडे थांबतात आणि पायांतलं काढायला सांगतात. इथून पुढे अनवाणी. पाऊल टेकवताच कळतं की हा दगड निराळा आहे. वरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो आहे, तरीही पाय घसरत नाही. चुनखडीच्या थरांनी घडलेला तो पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो आणि तळव्याला घट्ट धरतो. बत्तीच्या पिवळ्या उजेडात दगडाच्या झालरी, खांब आणि पाण्याची उथळ कुंडं दिसतात. अवघड जागी वाटाड्या आधी स्वतः खाली उतरतो, आपली मांडी किंवा खांदा पुढे करतो आणि पाहुण्याला त्यावर पाय ठेवायला सांगतो. अनोळखी माणसाच्या खांद्यावर पाय द्यायला मन धजत नाही. पण त्याला त्यात वावगं काही वाटत नाही. आलेल्या माणसाला धडपणे वर आणणं हे त्याचं काम आहे आणि ते तो अभिमानानं करतो. लुमियांगमधून शिरून सुमागिंगमधून बाहेर पडणारी लांब वाटही आहे. तिला तीन-चार तास लागतात.

गुहेतून वर आल्यावर भूक लागते आणि थंडीही वाजते. इथलं खास खाणं म्हणजे एताग, मीठ चोळून उन्हात वाळवलेलं किंवा धुरावलेलं डुकराचं मांस. त्याचा वास उग्र असतो, आणि एक तुकडा रश्शात पडला की सबंध भांड्याची चव बदलते. कोंबडीच्या पिनिकपिकान या रश्शात तो हमखास घालतात. मुळात हा विधीचा पदार्थ आहे, आणि त्यासाठी कोंबडी मारण्याची रीत अनेकांना क्रूर वाटते. त्यावर फिलिपिन्समध्येही वाद आहेत. शाकाहारी माणसाची मात्र उपासमार होत नाही. डोंगरी लाल भात, ताज्या भाज्या, दही, संत्री आणि लेमन पाय हे सगळं गावात मिळतं. गावाभोवती पिकणारी अराबिका कॉफी तर चुकवू नये अशी.

गर्दी आणि गाव

सागादाला परदेशी भटके फार पूर्वीपासून येत होते. गर्दीचं वळण आलं ते २०१४ सालच्या ‘दॅट थिंग कॉल्ड तधाना’ या चित्रपटानं. त्यातली नायिका सागादातल्या किल्तेपानच्या माथ्यावरून ढगांच्या समुद्राकडे पाहत आपलं दुःख मोकळं करते. चित्रपट तुफान चालला आणि मॅनिलातली तरुण मंडळी गाड्या भरभरून सागादाला येऊ लागली. अरुंद रस्त्यावर वाहनांची कोंडी, पाण्याची टंचाई, कचऱ्याचे ढीग, एको व्हॅलीत उभं राहून ओरडणारे घोळके. काहींनी शवपेट्यांना हात लावले, गुहेतल्या दगडांवर नावं कोरली.

अशा वेळी बहुतेक गावं एकच मार्ग धरतात : जमिनी विकायच्या, मोठी हॉटेलं येऊ द्यायची आणि मिळेल तेवढं मिळवायचं. लोणावळा-महाबळेश्वरच्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास अडकून पडलेल्या मराठी माणसाला त्याचा शेवट कसा होतो हे वेगळं सांगायला नको. सागादानं दुसरा मार्ग घेतला. आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं आधी नगर परिषदेच्या पर्यटन कार्यालयात नाव नोंदवायचं आणि पर्यावरण शुल्क भरायचं. गुहा, धबधबा, शवपेट्या, कुठंही जायचं तर नोंदणी झालेला स्थानिक वाटाड्या सोबत हवाच. दर ठरलेले आणि फलकावर लावलेले. रात्री नऊ-दहाच्या सुमारास खानावळी बंद, रस्त्यावर हिंडणं बंद. विधी चालू असताना वस्तीत शिरायचं नाही, दाप-आयच्या दगडांवर बसायचं नाही.

प्रश्न संपले आहेत असं नाही. शेतीपेक्षा पर्यटनात पैसा जास्त आहे आणि भाताची काही खाचरं पडीक होत चालली आहेत. दाप-आयवर बसणाऱ्यांचं वय वाढतं आहे. शिकलेली मुलं बाग्यो, मॅनिला आणि तिथून परदेशात जातात. पण या प्रश्नांवरचा निर्णय अजून गावाच्या हातात आहे, आणि माझ्या मते हेच सागादाचं सर्वांत मोठं यश आहे. निसर्ग अनेक गावांना लाभतो. आपल्या गावात काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवण्याचा अधिकार फार थोड्या गावांच्या हातात उरला आहे.

म्हणून सागादाला जाणाऱ्या मराठी वाचकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे. जरूर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पावसाळ्यात हाल्सेमावर दरडी कोसळतात. शेजारच्या इफुगाओतलं बनावे आणि सागादा एका दमात उरकण्याचा हट्ट धरू नका, गावात निवांत राहा. राहणं, जेवण, वाटाड्या, सगळं गावकऱ्यांकडूनच घ्या आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नका. शवपेट्यांसमोर आवाज चढवू नका, त्यांना हात लावू नका. आपल्या घरच्या मृतांपाशी जसे वागाल तसेच वागा. पानाग-आपोयच्या संध्याकाळी गावात असाल तर त्या टेकडीवर कॅमेरे घेऊन गर्दी करू नका. आणि तुम्ही पोचाल त्याच दिवशी ओबाया लागला, धबधब्याची वाट बंद झाली, तर चिडू नका. लॉजच्या ओसरीवर बसा, कॉफी घ्या आणि त्या दिवशी गावाबरोबर तुम्हीही विसावा घ्या.